सातवा कळफलक

बाईंच्या टेबलावर एक व्हर्नियर कॅलिपर असे आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. मालकाचीही नाही. मालक म्हणजे बाईंचा जुना विद्यार्थी. चष्म्यांच्या दुकानावरच्या माडीत बाई एकोणीस वर्षं टायपिंग शिकवत होत्या. तेव्हा हा तिसऱ्या रांगेत बसायचा आणि बाईंच्या तोंडून शब्द पुरा बाहेर पडायच्या आत कळ दाबून मोकळा व्हायचा. बाईंनी त्याचं नाव गडबड्या ठेवलं होतं. पुढे टाइपरायटर भंगारात गेले, माडीत कापडाचं गोदाम आलं, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी बाई गडबड्याच्याच ऑफिसात कामाला लागल्या. चारचौघांत त्या त्याला तुम्ही म्हणत. दार लोटलं की तू. तो दोन्हीकडे बाईच म्हणे, आणि तुम्हीच म्हणे. भांडताना तर जरा जास्तच.

हे ऑफिस टायपिंग शिकवणारी आणि टायपिंगची परीक्षा घेणारी सॉफ्टवेअरं करत असे. पडद्यावर कळफलकाचं चित्र यायचं, समोरच्याने कळ दाबली की चित्रातली तीच कळ उजळायची. चित्र म्हणजे फोटो नव्हे. संगणकाला फोटोतलं काही कळत नाही. त्याला आंधळ्याला घर सांगावं तसं सांगावं लागतं. दारापासून इतकी पावलं, मग डावीकडे वळ, मग तीन पायऱ्या. बाईंनी त्यासाठी फंक्शनं लिहिली होती. एक कळफलकाचा विभाग मांडायचं. दुसरं विभागात ओळ ठेवायचं. तिसरं ओळीत एकेक कळ बसवायचं. चौथं तिला आकार द्यायचं, चौकोनी, लांबट किंवा पायमोज्यासारखा. शेवटचं सगळ्यांभोवती हद्द आखायचं. मापं सगळी मिलिमीटरच्या दहाव्या भागात आणि पूर्ण आकड्यांत. अर्धं, पाव काही चालत नसे.

कॉलेजातून आलेली पोरं त्यांच्या कोडला हसत. बाई प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर पाच ओळींचं स्पष्टीकरण लिहीत, शाळेतल्या फळ्यावर सुविचार लिहावा तशा थाटात, असं पोरं म्हणत. बाई म्हणत, "हसा. सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच वाचता येणार नाही, तेव्हा माझ्याकडे याल." ती यायची.

वर्णन तयार झालं की बाई ते खऱ्या मापात ट्रेसिंगच्या कागदावर छापून घेत आणि तो कागद त्या कळफलकावर अंथरत. कागदावरची रेषा दोन कळांमधल्या फटीत पडली पाहिजे. सगळ्या रेषा फटीत पडल्या तर कागद बसला. एक जरी रेषा कळेच्या पाठीवर चढली तर सगळं परत. बसलेल्या कागदाच्या कोपऱ्यात बाई सही करत, आणि सही असल्याशिवाय वर्णन ऑफिसाबाहेर जात नसे. हा नियम बाईंनी पहिल्याच महिन्यात केला होता आणि गडबड्याने तो मान हलवून मान्य केला होता, कारण तेव्हा त्याच्याकडे दुसरं कोणी नव्हतं. दहा वर्षांत ड्रॉवरमध्ये असे एकेचाळीस कागद जमले. "कागद बसला का?" हे त्या ऑफिसात 'कसं काय, बरं आहे ना' सारखं झालं होतं. जेवण झालं का विचारतानाही पोरं कागद बसला का म्हणत.

बाईंना एक धाकटी बहीण. ती कचेरीच्या नकला विभागात बावीस वर्षं टायपिस्ट होती. तिला टायपिंग शिकवलं ते बाईंनीच, त्याच माडीत, छडी हातात घेऊन. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासताना तिच्या हातातून ब्रश पडला आणि तो उजवा हात पुन्हा तिचा झाला नाही. आता तो तिच्या मांडीवर दुसऱ्या कोणाची तरी वस्तू सांभाळायला ठेवल्यासारखा पडून असतो. धाकटीचा नवरा लेथवर काम करतो. त्याने चार महिने खपून तिच्यासाठी डाव्या हाताचा कळफलक केला. तळहाताखाली एक बिंदू धरला आणि तिथून पंख्याच्या पात्यांसारख्या पाच ओळी काढल्या, अंगठा सोडून प्रत्येक बोटाला एक आणि मधल्या बोटाशेजारी एक जादा. अंगठ्याखाली तीन कळा ठेवल्या. त्या दाबल्या की बाकीच्या कळांची अक्षरं बदलत. धाकटी त्यावर कामाला लागली. पहिले दोन महिने रडत रडत, नंतर शिव्या देत, आणि नंतर न बघता.

मग कचेरीने ठरवलं की सगळ्या टायपिस्टांची नव्याने परीक्षा घ्यायची. मिनिटाला तीस शब्द. जो नापास होईल त्याची बदली जावक विभागात, पाकिटं चिकटवायला. परीक्षेचं सॉफ्टवेअर करायचं काम गडबड्याला मिळालं. त्यात सहा कळफलकांची यादी होती. जो कळफलक यादीत नाही तो परीक्षेच्या संगणकाला जोडताच येणार नव्हता.

"मी पाकिटं चिकटवणार नाही," धाकटी म्हणाली. "एका हाताने ती चिकटतही नाहीत, ताई. करून बघितलंय."

"चिकटवू नकोस," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गडबड्याच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

"सातवा कळफलक घालायचाय."

"सहाचं ठरलंय बाई. लेखी."

"सातवा घातला म्हणून सहावा पळून जाणार आहे का?"

"तो वाकडा आहे. पंखा. आपल्या सगळ्या ओळी सरळ." त्याने टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा ठेवली. "आणि मी ते विभाग वळवायचं फंक्शनच काढून टाकायला सांगणार होतो. दहा वर्षांत कोणी वापरलं नाही. उगाच आहे तिथे."

"मी वापरणार आहे."

"तुमच्या बहिणीसाठी."

"हो. आणि कोणासाठी वापरू? तुझ्या?"

गडबड्याने चष्मा काढला. चष्मा काढला की तो पुन्हा तिसऱ्या रांगेतला दिसे. "बाई, तुमचा नियम आहे ना. पुढच्या गुरुवारी डिलिव्हरी. त्याच्या आत कागद बसवून दाखवा, मग बघू." कागद बसणार नाही अशी त्याची खात्री होती. बाईंना ते त्याच्या आवाजात ऐकू आलं आणि त्यांनी तो आवाज जपून ठेवला.

त्या संध्याकाळी कॅलिपर पिशवीत घालून त्या धाकटीकडे गेल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कळफलक ठेवला. ओट्यावर भांडी निथळत होती. लेथवाला पुसायचं फडकं खांद्यावर टाकून उभा राहिला.

"दोन ओळींत साडेसात अंश," तो म्हणाला. "डोळे मिटून सांगतो."

"डोळे उघडून सांगा."

त्याने कोनमापक आणून लावला. साडेसात. बाईंनी एकेक कळ मापली, आकडे बोलल्या, धाकटीने डाव्या हाताने वहीत लिहिले. तिचं डाव्या हाताचं अक्षर पहिलीतल्या मुलीसारखं होतं. "हसू नकोस ताई," ती म्हणाली. बाई हसत नव्हत्या.

शुक्रवारी वर्णन लिहून झालं. सोमवारी सकाळी बाईंनी कागद छापला आणि धाकटीचा कळफलक ऑफिसात आणून त्यावर अंथरला. पहिली ओळ फटीत बसली. दुसरी थोडी सरकली होती. तिसरीच्या रेषा कळांच्या कडांवर चढल्या. पाचवी ओळ पाच मिलिमीटर बाजूला होती; तिच्या रेषा कळांच्या पाठीवर गिधाडांसारख्या बसल्या होत्या. गडबड्या मागून येऊन उभा राहिला. त्याने वाकून पाचवी ओळ पाहिली. मग म्हणाला, "नाही बसला बाई."

"डोळे आहेत मला."

दुपारच्या सुट्टीत त्या तडक लेथच्या कारखान्यात गेल्या. तेलाचा वास, पत्र्यांची थरथर, आणि त्या आवाजातच त्यांनी मेहुण्याला सुनावलं. "दोन अंशांचा घोटाळा आहे तुमच्या मापात. साडेसात म्हणता आणि पाचव्या ओळीपर्यंत पार फिरवून ठेवता."

त्याने मशीन बंद केलं. हात पुसले. सगळे कामगार बघत होते. "ताई," तो म्हणाला, "माझं चुकलं असेल तर आज कळांखालची प्लेट नवी करतो. पण त्या संध्याकाळी तुम्ही स्वतः मापलंत. आता आधी तुमचं बघा."

बाई ऑफिसात परत आल्या आणि आपल्याच फंक्शनासमोर बसल्या. ऑफिसात त्याला 'पुढची कळ' म्हणत. दहा वर्षांपूर्वीचं, पहिल्याच आठवड्यात लिहिलेलं. डोक्यावर पाच ओळींचं स्पष्टीकरण, स्वच्छ, सुंदर. ते मागच्या कळेच्या जागेचा आकडा घ्यायचं, त्यात एक पाऊल, म्हणजे एका कळेपासून पुढच्या कळेपर्यंतचं अंतर, मिळवायचं, अपूर्णांक उरला तर टाकून द्यायचं, आणि त्या आकड्यावरून पुढची कळ मोजायचं. वळवलेल्या ओळीही तसंच मोजायचं. पहिली शून्यावर. दुसरी साडेसातावर, पण अर्धा टाकला, सात उरले. तिसरी सातात साडेसात, चौदा. मग एकवीस. मग अठ्ठावीस. खरी पाचवी ओळ तीस अंशांवर होती. लेथवाल्याचा काहीही दोष नव्हता.

मग त्यांच्या मनात दुसरी गोष्ट आली आणि त्यांचे कान तापले. कळांचं एक पाऊल एकोणीस मिलिमीटर आणि वर किंचित. दहाव्या भागांत मोजलं तर एकशे नव्वद आणि अर्धा. तो अर्धाही हे फंक्शन दहा वर्षं टाकत आलं होतं. पंधरा कळांची ओळ म्हणजे चौदा पावलं, चौदा अर्धे, सात दशांश. मग सरळ ओळींवर कागद बसले कसे?

त्यांनी ड्रॉवर उघडून पहिला कागद काढला आणि भिंग लावलं. ओळीतली शेवटची कळ असायला हवी होती त्यापेक्षा सात दशांशांनी रुंद होती. दुसऱ्या कागदावरही. तिसऱ्यावरही. हळूहळू आठवलं. पहिल्या कळफलकाच्या वेळी उजवी कड जुळत नव्हती, घाई होती, आणि त्यांनी शेवटच्या कळेला पोटात थोडं भरवून हद्द जुळवली होती. रेषा फटीतच पडत होत्या. फट एवढी चुकी गिळते. मग तेच हाताला वळण लागलं. हात करत राहिला आणि डोळे सही करत राहिले. पंख्याला मात्र शेवटची कळ नव्हती जिच्या पोटात काही लपवता येईल.

गडबड्याच्या खोलीत त्यांनी दार लोटलं नाही. उघडं ठेवलं.

"पंखा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझं फंक्शन चूक आहे. आणि हे एकेचाळीस कागद चूक आहेत."

बाहेर टायपिंगचा आवाज थांबला.

"म्हणजे काय चूक?"

"सात दशांश. शेवटच्या कळेत दडवलेत मी."

गडबड्याला आधी हसू आलं. "सात दशांश! बाई, दहा वर्षांत कोणाला दिसलंय?"

"मला."

"तुम्हालाही आजच."

"आज का होईना."

तो उठून उभा राहिला. "हे बघा. गुरुवारी सहा वर्णनं द्यायची आहेत. ती चालतात. आहेत तशी देऊ. मग तुम्ही निवांत दुरुस्त करा, सातवं वगैरे नंतर बघू, पुढच्या वेळी."

"परीक्षा पुढच्या वेळी नाही."

"मी त्याला काय करू?"

बाईंनी सहा कळफलकांचे सहा जुने कागद त्याच्या टेबलावर पसरले. पेन काढलं. आणि त्याच्या डोळ्यांसमोर, एकेक करून, आपल्या सहा सह्यांवर आडव्या रेघा ओढल्या. त्या पातळ कागदावर पेनाचा आवाज खोलीभर ऐकू गेला.

"बाई!"

"आता या सहावर माझी सही नाही. द्यायचे तर दे. नियम तुला माहीत आहे." दार उघडं होतं, तरी त्या तू म्हणाल्या.

"तुम्ही स्वतःचंच नाक कापताय."

"माझंच आहे ना."

"मी दुसऱ्या कोणाची सही घेईन."

"घे की. आधी कागद अंथरायला सांग त्याला. भिंग मी देते."

तो खुर्चीत बसला. बाहेरच्या पोरांपैकी कोणीतरी खोकलं. तो म्हणाला, "तीन दिवसांत होईल?"

"न बोलता बसू दिलंस तर."

बाईंनी फंक्शन पुसून नव्याने लिहिलं. आता कोणतीच कळ मागच्या कळेपासून मोजायची नव्हती. प्रत्येक कळ मूळ बिंदूपासून: इतकं अंतर, इतका कोन. अपूर्णांक शेवटपर्यंत सांभाळायचे आणि अगदी अखेरीस, कागदावर उतरताना एकदाच पूर्ण आकडा करायचा. मागचा चुकला म्हणून पुढच्याने चुकायचं कारण उरलं नाही. त्यात सरळ ओळीसाठी वेगळं काही लिहावंच लागलं नाही. सरळ ओळ म्हणजे शून्य अंशाचा पंखा.

बुधवारी दुपारी त्यांनी गडबड्याला हे दाखवलं. तो हुशार होता. त्याला लगेच कळलं.

"म्हणजे आता वळवायचं काढून टाकलं तर..."

"सहाही जातील. पडद्यावर काहीच दिसणार नाही."

"हे मुद्दाम केलंत."

"मुद्दाम केलंय. आणि बरोबरही आहे. कुठे चूक असेल तर दाखव, मी पुसते."

त्याने तासभर शोधली. जुन्या वर्गातल्या सवयीने त्याच्या बोटांनी टेबलावर घाई चालवली होती. सापडली नाही.

गुरुवारी कचेरीचे साहेब आले. बुटका, घामेजलेला, फायलींची थैली छातीशी धरलेला माणूस. त्याने यादी वाचली आणि सातवर थबकला. "हा कुठून आला?"

गडबड्या घाईघाईने पुढे झाला. "तो जादा आहे साहेब, तुम्ही म्हणाल तर यादीतून..."

"तो माझ्या बहिणीचा आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्याच नकला विभागात असते."

गडबड्याने डोळे मिटले.

"सख्खी बहीण?"

"सख्खी. म्हणून तीनदा मापला. बाकीचे दोनदाच मापलेत."

"परीक्षेत तिला काही सवलत मिळणार नाही, सांगून ठेवतो."

"मागितलीय कोणी? वेळ तोच, उतारा तोच, तीस शब्द ते तीस शब्द." त्यांनी सातवा कागद कळफलकावर अंथरला आणि कॅलिपर उचलून साहेबांच्या हातात दिला. ऑफिसातली सगळी पोरं बघतच राहिली. "कुठलीही कळ मापा. मापात चूक निघाली तर काढून टाका. आणि चूक नसताना काढायचा असेल तर कारण लेखी द्या. मी फायलीत लावते."

साहेबांनी कॅलिपर उलटा धरला. बाईंनी तो सुलटा केला. साहेबांनी एक कळ मापली, मग अंगठ्याखालची, मग वाकून रेषा बघितल्या. सगळ्या फटीत होत्या. पाचव्या ओळीतल्याही. लेखी कारण द्यायचं म्हणजे काय काय लिहावं लागेल ते त्यांच्या कपाळावर उमटून गेलेलं बाईंनी पाहिलं. साहेबांनी यादीखाली सही केली आणि पुढे लिहिलं: सात.

ते गेल्यावर गडबड्या म्हणाला, "बहीण आहे हे सांगायची काय गरज होती?"

"नंतर कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं असतं. त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं."

परीक्षेला बाईंना आत सोडलं नाही. त्या आणि लेथवाला कचेरीच्या पॅसेजमध्ये लाकडी बाकावर बसले. त्या दिवसानंतर दोघं नीट बोलले नव्हते. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी कारखान्यात चारचौघांत बोलले. माझी चूक होती." तो म्हणाला, "चारचौघांतच येऊन सांगा मग." बाई म्हणाल्या, "येते उद्या." आणि दुसऱ्या दिवशी खरंच गेल्या, पण ते पुढचं.

आत काय झालं ते धाकटीने नंतर सांगितलं. पर्यवेक्षकाने तिच्यापुढे साधा कळफलक आणून ठेवला. धाकटीने तो डाव्या हाताने बाजूला सारला, पिशवीतून आपला काढला, आणि म्हणाली, "यादी बघा. सातवा." त्याने यादी दोनदा वाचली. कळफलक जोडला. पडद्यावर ओळींचा पंखा उघडला. आजूबाजूचे माना वळवून बघत होते. तिने हात ठेवला आणि एकेक कळ दाबून पाहिली. प्रत्येक वेळी चित्रातली नेमकी तीच उजळली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या ओठांवर घाम होता. "चौतीस," ती म्हणाली.

लेथवाला पुढे झाला. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"चूक किती?" बाईंनी विचारलं.

"दोन. टायपिंगच्या बाई आहेस हे पाच मिनिटं तरी विसर की ग."

"दोन कशा झाल्या?"

"मान वळवून माझ्या पडद्याकडे बघणाऱ्या शेजारणीला म्हटलं, स्वतःचं बघा. तेवढ्यात झाल्या."

बाई तिथून ऑफिसात परत आल्या. दुपार कलली होती. त्यांनी ड्रॉवर टेबलावर रिकामा केला. गडबड्या दाराशी येऊन उभा राहिला.

"पास झाली म्हणे."

"झाली."

"बरं झालं." मग तो ढिगाकडे बघून म्हणाला, "अजून पस्तीस राहिलेत. यातले निम्मे कळफलक आता कोणी वापरतही नाही बाई. कशाला जीव काढताय? कोण विचारणार आहे?"

"सही तर माझी आहे ना," बाई म्हणाल्या, आणि वरच्या कागदाच्या कोपऱ्यातल्या सहीवर आडवी रेघ ओढून त्यांनी कॅलिपर हातात घेतला.